काकांची वही आणि भाऊबंदांचा प्रश्न

इंदूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांचं घराणं सहा-सात पिढ्या होळकरशाहीत नांदलेलं, आडनाव हुद्द्यावरून पडलेलं. ८७ वर्षांच्या थोरल्या काकांनी आयुष्यभर लिहिलेली वंशावळीची एक वही घरात आहे. तिच्यावरून या ताईंनी दोन वर्षांत दोनशेच्या वर माणसं इंटरनेटवरच्या एका सामाईक वंशवृक्षात चढवली आणि स्रोताच्या रकान्यात सगळीकडे 'घरची माहिती' असं लिहिलं. आता पुण्याच्या एका दूरच्या भाऊबंदांनी ताईंच्या पणजोबांचे वडील बदलून पणजोबांना त्याच आडनावाच्या दुसऱ्या शाखेला जोडलं आहे. विचारलं तर उलट प्रश्न आला, 'तुमच्याकडे पुरावा काय?' हे काकांच्या कानावर घातलं तर ते दुखावले. 'मी काय खोटं लिहीन?' म्हणाले आणि वही कपाटात ठेवून दिली. त्यातच आजोबांची जन्मतारीख पत्रिकेत एक, वहीत दुसरी आणि शाळेच्या दाखल्यात तिसरी. ताई विचारतात, सगळं पुसून टाकू, भांडू, की दोनशे माणसांचे स्रोत पहिल्यापासून लिहीत बसू?

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी काकांचा राग. पत्रात तुम्ही, काका आणि ते पुण्याचे भाऊबंद असे तिघंही पुरावा मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं धरून चालला आहात. पण 'घरची माहिती' हे दोन शब्द वाचणाऱ्याला काय सांगतात? घर कोणाचं, सांगणारं कोण, त्यांनी स्वतः पाहिलं की कोणाकडून ऐकलं, यातलं काहीच नाही. काकांनी पन्नास वर्षं गोळा केलेली माहिती तुम्ही चढवलीत आणि त्यात काकांचंच नाव कुठे नाही. अन्याय झाला असेल तर तो तिथे झाला आहे. काकांना असं सांगून पाहा: 'तुमच्या वहीतल्या प्रत्येक ओळीला तुमचं नाव लावायचं आहे. कोणती ओळ तुम्हाला कोणी सांगितली, तेवढं मला सांगा.' बहुतेक वडीलधारी माणसं या प्रश्नाला तासभर उत्तर देतात. त्या तासाचं रेकॉर्डिंग करा, अर्थात त्यांना विचारून.

दुसरं गृहीतक म्हणजे वही हाच मूळ पुरावा. वही ही नक्कल आहे. काकांनी ती कशावरून तरी उतरवली: काही आजोबांच्या तोंडून, काही एखाद्या जुन्या कागदावरून, काही लग्नात भेटलेल्या आत्याबाईंकडून. त्यामुळे एकाच पानावरच्या दोन ओळींचं वजन वेगळं असू शकतं. आपल्या भावंडांच्या जन्माबद्दल काका लिहितात तेव्हा ते जवळपास साक्षीदार असतात. 'मूळ पुरुष १७८० साली इंदूर दरबारात दिवाण' असं लिहितात तेव्हा ते ऐकीव असतं. तुमच्या पत्रात हे वाक्य आहे, म्हणून सांगतो. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५ आणि तो चाले महेश्वरहून. राजधानी इंदूरला आली ती १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. म्हणजे ओळीतलं ठिकाण, साल किंवा हुद्दा यांपैकी निदान एक गोष्ट सैल आहे. (आपल्याकडच्या वंशावळींत दिवाण फार आणि कारकून फार थोडे. दौलती चालवल्या मात्र कारकुनांनी.) ओळ खोडू नका. 'घरातली आख्यायिका, काकांनी आजोबांकडून ऐकलेली, कागद पाहिलेला नाही' असं तिच्यापुढे लिहा.

स्रोत माणसाला लावू नका, विधानाला लावा. एका माणसाबद्दल नाव, जन्म, आईवडील, लग्न, मृत्यू अशी पाच-सहा विधानं असतात आणि प्रत्येकाचा स्रोत वेगळा असू शकतो. नोंद करताना इतकं यायला हवं: कागद कोणता, कोणी आणि कधी लिहिला, सध्या कुठे कोणाकडे आहे, त्यात नेमकं कोणत्या पानावर किंवा ओळीत हे आहे, तुम्ही मूळ पाहिला की फोटो आणि कोणत्या दिवशी. वहीची नोंद साधारण अशी होईल: 'हस्तलिखित वंशावळ-वही, लाल कापडी बांधणी, लेखन थोरले काका, बहुतेक १९७५ पासून पुढे, सध्या त्यांच्याच घरी, इंदूर, पान १४, उजवीकडे तिसरी ओळ, निळी शाई, मूळ वही पाहून फोटो काढला, १२ जानेवारी २०२५.' शाई कशाला लिहायची, असं वाटेल. एकाच पानावर दोन शाया असतील तर दुसरी ओळ मागाहून भरलेली असते, आणि वाद नेमका त्या ओळीचा निघतो. तोंडी माहितीच्या नोंदीत सांगणाऱ्याचं नाव व नातं, दिवस, समोर कोण होतं, रेकॉर्डिंगची फाइल आणि त्यातलं मिनिट लिहा. 'स्वतः पाहिलं' की 'अमक्याकडून ऐकलं' हे विसरू नका.

वहीचे फोटो काढताना आधी मुखपृष्ठ, मग पहिलं पान, मग प्रत्येक पान चारही कडांसकट आणि शेवटी हवी ती ओळ जवळून. नुसती ओळ कापून ठेवलेला फोटो दोन वर्षांनी कोणत्या वहीतला ते तुम्हालाही सांगता येणार नाही. फाइलचं नाव तारखेने सुरू करा, मग कागदाचं नाव, मग पान. हे फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवले की ते लहान होतात आणि अक्षर फुटतं. तिथून पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुन्या कागदाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच.

आता आजोबांच्या तीन तारखा. तुम्हाला हा वहीवरचा डाग वाटतो, पण तिन्ही कागद कसे बनले ते पाहिलं की गुंता बराच सुटतो. पत्रिकेत शके १८२९, माघ वद्य ५. वहीत १९०७. शाळेच्या दाखल्यात १ जुलै १९१०. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे आपल्याला पाठ असतं, आणि १८२९ मध्ये ७८ मिळवले की १९०७ होतात. काकांनी तेच केलं असणार. पण शक बदलतो गुढीपाडव्याला. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. माघ त्यातच येतो, म्हणून साल १९०८. काकांचं चुकलं ते एकाच्या बेरजेत. हे त्यांना तसंच सांगा.

इंदूरच्या माणसाला आणखी एक खाच सांभाळावी लागते. आपल्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, माळव्यात आणि उत्तरेत पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, वद्य पक्षाला मात्र महिन्याचं नाव बदलतं. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमी, तीच माळव्याच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण अष्टमी. तेव्हा पत्रिका घराण्याच्या मराठी गुरुजींनी केली असेल तर 'माघ वद्य ५' फेब्रुवारी १९०८ मध्ये पडते, आणि उज्जैनकडच्या एखाद्या ज्योतिषांनी स्थानिक पंचांगावरून केली असेल तर जानेवारीत. पूर्ण एक महिन्याचा फरक. निकाल वार लावतो, म्हणून पत्रिकेत वार आणि नक्षत्र दिलं आहे का पाहा. मात्र पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो. पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाचा वार आदल्या दिवसाचाच लिहिलेला असतो.

पत्रिकेत संवत असेल तर तोही तपासा. माळव्यातला विक्रम संवत चैत्रात बदलतो, गुजरातेतला दिवाळीच्या पाडव्याला. संवत १९६४ चा आषाढ इंदूरच्या हिशेबाने १९०७ च्या पावसाळ्यातला, बडोद्याच्या हिशेबाने १९०८ च्या. नात्यातली एखादी शाखा गायकवाडीत असेल तर त्यांच्या आणि तुमच्या कागदांत असा एका वर्षाचा फरक सापडेल आणि दोघंही बरोबर असतील. जुन्या सरकारी कागदांतले फसली आणि सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात. दख्खनी फसलीत सुमारे ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे असेल तर एक जास्त. म्हणून नियम एकच ठेवा: कागदावर जशी तारीख आहे तशीच अक्षरशः उतरवा, आणि तिच्याशेजारी वेगळ्या ओळीत 'माझं रूपांतर' म्हणून इसवी तारीख द्या, कोणतं पंचांग धरलं तेही लिहा. रूपांतर चुकलं तर दुरुस्त होतं, पण मूळ तारीख पुसून फक्त इंग्रजी तारीख ठेवली की दुरुस्तीची वाटच बंद.

राहिला शाळेचा १ जुलै १९१०. सत्राच्या पहिल्या दिवसाच्या आसपासची जन्मतारीख दिसली की सावध व्हा. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने अशी तारीख टाकून देत. नोकरीत आणि पेन्शनच्या कागदांत मग तीच चालू राहते, त्यामुळे चार सरकारी कागदांवर एकच तारीख असली तरी पुरावा एकच. तरी ही नोंद फेकू नका. 'शाळा-दाखला: १ जुलै १९१०, बहुधा अंदाजी' म्हणून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी तोच दाखला घेऊन येईल आणि तुमची तारीख 'सुधारेल'.

मृत्यूच्या बाबतीत आपल्या घरांत उलट असतं. साल कोणाला आठवत नाही, तिथी मात्र पक्की, कारण दरवर्षी श्राद्ध होतं. पण तिथी कोणती आहे ते विचारून घ्या. वर्षश्राद्धाच्या तिथीत महिना आणि पक्ष असतो. पितृपक्षातल्या श्राद्धावरून नुसती 'पंचमी' कळते, कोणत्या महिन्याची ते नाही. सर्वपित्रीला श्राद्ध होत असेल तर बऱ्याचदा तिथीच ठाऊक नसते. एखाद्या आजेसासूबाईंचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर ती त्यांची मृत्युतिथी नव्हे. मात्र त्या सवाष्ण गेल्या, म्हणजे पतीच्या आधी गेल्या, हे त्यावरून कळतं, आणि अशी आडवाटेने आलेली माहितीही नोंदीत धरायची असते.

इथेच तुमच्या वादाचा सर्वांत मजबूत पुरावा आहे. वडिलांच्या श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नावा-गोत्रासह उच्चार होतो. काका आपल्या वडिलांचं श्राद्ध करतात तेव्हा तिसरं नाव येतं ते तुमच्या पणजोबांच्या वडिलांचं. पुण्याच्या मंडळींनी जे नाव बदललं तेच. काकांनी ते किती वर्षं उच्चारलं, त्यांना कोणी शिकवलं, गुरुजींच्या वहीत ते लिहिलेलं आहे का, हे विचारा आणि नोंद करा. नाशिक-त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांच्या बाडांत, म्हणजे यजमानांच्या नोंदवह्यांत, घरच्या कोणी यात्रेला गेल्यावर केलेली नोंद सापडू शकते. तिथे गेलात तर उपाध्यायांचं नाव, बाडाची ओळख, पान आणि मूळ मजकूर जसाच्या तसा टिपा. तुम्ही तोंडाने सांगितलेली वंशावळ ते त्याच वेळी बाडात चढवतात. ती नवी नोंद पुरावा नाही. पुरावा ती, जी पूर्वजाने स्वतः किंवा त्याच्या मुलाने करवली.

पुण्याचे भाऊबंद चुकलेच असतील असंही धरू नका. हुद्द्यावरून पडलेलं आडनाव शेकडो असंबंधित घराण्यांचं असतं, म्हणून आडनाव आणि गाव जुळलं म्हणजे नातं सिद्ध होत नाही. शिवाय थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या रीतीमुळे महादेव गोविंद, गोविंद महादेव, पुन्हा महादेव गोविंद अशी माळ होते. त्यातली एक पिढी गळली किंवा दोन माणसं एक झाली तरी यादी ठीकच दिसते. आधी गोत्र आणि कुलदैवत पडताळा. गोत्र वेगळं असेल तर शाखा एक असणं अवघड. पण एक शक्यता उरते, दत्तक. पणजोबा दत्तक गेले असतील तर दोन्ही बाजूंचे कागद खरे, एक जनक वडिलांचा आणि एक दत्तक वडिलांचा. वंशवृक्षात दोन्ही नाती वेगवेगळी दाखवता येतात.

बायकांच्या नोंदीबद्दल थोडक्यात सांगतो, पण काम मोठं आहे. वहीत 'पत्नी: लक्ष्मीबाई' इतकंच असेल तर ते बहुधा सासरचं नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं. माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, गाव आणि वडिलांचं नाव असे चार वेगळे रकाने करा आणि जे माहीत नाही ते रिकामं ठेवा. काकांपेक्षा आत्या आणि मावश्यांना हे जास्त ठाऊक असतं, त्यांच्याकडे आधी जा.

ठिकाण लिहिताना त्या काळचा कारभार लिहा. इंदूर १९४८ पर्यंत होळकर संस्थान, मग मध्य भारत, १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्य प्रदेश. उज्जैन जवळ असलं तरी ते शिंद्यांचं, तिथल्या जुन्या दरबारी कागदांसाठी ग्वाल्हेरचं दप्तर पाहावं लागेल. देवासला तर एकाच गावात दोन पाती, म्हणजे दोन वेगळ्या गाद्या होत्या, थोरली आणि धाकटी. 'जन्म उज्जैन, मध्य प्रदेश, १८७२' असं लिहिलंत तर पुढचा शोधणारा चुकीच्या दप्तरात जाईल. घरातले मोडी कागद वाचून घेतलेत तर लिप्यंतर कोणी आणि कधी केलं ते लिहा, आणि शंका असलेली अक्षरं चौकटी कंसात ठेवायला सांगा.

इंटरनेटवर सापडलेल्या गोष्टींचं पथ्य वेगळं. नुसती लिंक हा स्रोत नाही, ती उद्या मरते. छापील कुलवृत्तांत (घराण्याच्या इतिहासाचा ग्रंथ) स्कॅन स्वरूपात मिळाला तर ग्रंथाचं नाव, संपादक, प्रकाशनवर्ष, छापील पानाचा क्रमांक आणि स्कॅनमधला क्रमांक, दोन्ही लिहा, कारण प्रस्तावनेची पानं वेगळी मोजलेली असतात आणि दोन्ही आकडे जुळत नाहीत. कोणालाही पाहायला मिळतं अशा पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. लॉगिन लागणारं पान तिथे जतन होत नाही, त्याची प्रतिमा स्वतःकडे ठेवा. जुन्या देवनागरी छपाईचा यांत्रिक शोध फार चुकतो. नाव टाइप करून सापडलं नाही म्हणजे ग्रंथात नाही असं नव्हे, सूचीची पानं डोळ्यांनी वाचा. जिथे शोधून मिळालं नाही तेही तारखेसह टिपा, म्हणजे तीच दप्तरं पुन्हा उपसावी लागणार नाहीत. आणि दुसऱ्याच्या ऑनलाइन वंशवृक्षाला स्रोत म्हणू नका. दहा झाडांवर एकच चूक असते, कारण नऊ जणांनी पहिल्यावरून उतरवलेली असते. ते झाड फक्त कागद कुठे शोधायचा ते सुचवतं.

दोनशे माणसांचं काय? सगळी मागे जाऊन पूर्ण करायची गरज नाही. वादातली माणसं आणि तुमची थेट ओळ, म्हणजे आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या वरचे, एवढी पंधरा-वीस माणसं आधी नीट करा. बाकीच्यांच्या 'घरची माहिती'च्या जागी निदान 'थोरल्या काकांची वही, पान अमुक' हे येऊ द्या. पानांचे फोटो समोर असले की हे काम भराभर होतं. यापुढे मात्र नवं नाव चढवताना त्याच बैठकीत स्रोत लिहा, 'नंतर लिहू' म्हणून सोडलेलं तसंच राहतं. मुख्य प्रत सामाईक झाडावर न ठेवता स्वतःच्या संगणकावर ठेवा. ग्रॅम्प्स हा मोफत प्रोग्राम चालेल. त्यात कागद एकदाच नोंदवून त्याचे पानवार दाखले हव्या त्या विधानाला जोडता येतात. अधूनमधून गेडकॉम फाइल (वंशवृक्षाची माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेणारी) काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्या फाइलमध्ये फोटो सहसा जात नाहीत, ते वेगळे सांभाळा.

हयात माणसं उघड्या झाडावर नकोत. जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव या गोष्टी बँका अजून ओळख पटवायला विचारतात.

झाड पुसू नका, भांडूही नका. फॅमिलीसर्चसारख्या सामाईक झाडावर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, जुनं पूर्ववत करता येतं, आणि बदल का केला ते लिहायला जागा असते. पण त्याआधी भाऊबंदांना निरोप पाठवा, असा काहीसा:

'सादर नमस्कार. पणजोबांचे वडील म्हणून आमच्याकडे हे नाव येतं: थोरल्या काकांची वही, पान १४ (फोटो सोबत), आणि आजोबांच्या श्राद्धात तिसरं नाव म्हणून काकांच्या तोंडी (रेकॉर्डिंगची तारीख सोबत). आमचं गोत्र आणि कुलदैवत कळवत आहे. आपण दिलेलं नाव कोणत्या कागदात, कोणत्या पानावर आहे? आपलं गोत्र कोणतं? आपल्या शाखेत कोणी दत्तक गेल्याची माहिती आहे का?'

पंधरा दिवस थांबा. उत्तरात कागद आला तर काकांसोबत बसून वाचा. काही न येता शांतता राहिली तर कारणाच्या रकान्यात हीच माहिती लिहून नातं पूर्ववत करा. त्यांनी पुन्हा बदललं तर पुन्हा फिरवू नका. दोन्ही दावे, दोन्हींचे स्रोत आणि 'निर्णय बाकी' एवढं त्या पानावर नोंदवा आणि तुमच्या घरच्या प्रतीत काम पुढे चालू ठेवा.